नवजात बाळाच्या डोक्यावर कातडी किंवा कवटीचं हाड नसेल तर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

काही बाळं डोक्यावर एक उघडा चट्टा घेऊनच जन्माला येतात. तिथे कातडी नसते, आणि काहींमध्ये खालचं हाडही नसतं. वैद्यकात याला ‘अप्लेझिया क्युटिस कंजेनिटा’ म्हणतात. ही माहिती अशा बाळांच्या आई-वडिलांसाठी आहे. ज्यांच्या हातात बाळ सगळ्यात आधी येतं त्या परिचारिका आणि प्रसूतिगृहातले डॉक्टर यांच्यासाठीही आहे. मुख्य गोष्ट आधीच सांगतो: ही जखम कोरडी पडू द्यायची नाही. ऑपरेशन करायचं की नाही, हे त्यानंतर ठरतं.

हा नक्की काय प्रकार आहे?

गर्भात वाढ होताना कातडीचा एखादा भाग तयारच होत नाही, किंवा अर्धवट तयार होतो. साधारण १०,००० जन्मांमागे १ ते ३ बाळांत हे आढळतं. त्यातल्या पाचांपैकी चार बाळांत जागा डोक्यावरचीच असते, आणि तीही बहुधा मधोमध, भोवऱ्याच्या आसपास. बहुतेकांना एकच चट्टा असतो, काहींना दोन-तीन. आकार अर्ध्या सेंटिमीटरपासून दहा सेंटिमीटरपर्यंत किंवा त्याहून मोठाही असू शकतो. कडा रेखीव असतात. मध्ये कधी लालसर, ओलसर पृष्ठभाग दिसतो, कधी कांद्याच्या पापुद्र्यासारखं पातळ चकचकीत आवरण असतं. काही वेळा जखम गर्भातच भरून येते आणि जन्मतः फक्त बिनकेसांचा व्रण दिसतो.

डोक्यावर चट्टा असलेल्या साधारण पाचातल्या एका बाळाला त्याखालचं हाडही नसतं. मग पापुद्र्याच्या लगेच खाली मेंदूवरचं जाड आवरण, म्हणजे ड्युरा, असतं. डोक्याच्या मध्यरेषेवर याच आवरणात मेंदूचं रक्त वाहून नेणारी मोठी शीर असते. तिला ‘सुपीरियर सॅजिटल सायनस’ म्हणतात. मोठ्या चट्ट्याची बाळं दगावतात ती मुख्यतः दोन कारणांनी: या शिरेतून होणारा रक्तस्राव आणि मेंदूच्या आवरणाला होणारा जंतुसंसर्ग. पुढची सगळी काळजी ही दोन संकटं टाळण्यासाठी आहे.

बाळंतपणात कापलं गेलं का? चिमटा लागला का?

हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक घरात विचारला जातो, आणि त्यावरून प्रसूतिगृहात भांडणंही होतात. फरक डोळ्यांनी ओळखता येतो. चिमट्याने किंवा व्हॅक्यूमने झालेल्या इजेभोवती सूज असते, काळंनिळं पडलेलं असतं, ताजं रक्त असतं, कडा वेड्यावाकड्या असतात. जन्मजात चट्ट्याच्या कडा गुळगुळीत असतात, भोवतीची कातडी स्वच्छ असते, आणि चिमटा जिथे बसूच शकत नाही अशा जागी, म्हणजे भोवऱ्यापाशी, तो असतो.

डॉक्टर आणि परिचारिकांना आमचा आग्रह आहे: बाळ पुसून झालं की पहिल्या तासातच फोटो काढा, शेजारी मोजपट्टी ठेवा आणि लांबी-रुंदी सेंटिमीटरमध्ये केसपेपरवर लिहा. वाद मिटवायला त्याचा उपयोग होतोच, पण पुढे जखम भरते आहे की पसरते आहे हे याच मापावरून कळतं.

आईच्या हातून काही चुकलं का? ग्रहण पाळलं नाही म्हणून झालं का?

नाही. ग्रहणाचा, गरोदरपणात सुरी हातात धरल्याचा, सोनोग्राफीचा किंवा मोबाईलचा याच्याशी काहीही संबंध नाही. वैद्यकीय लिखाणात या आजाराची नोंद १७६७ सालापासून आहे. तेव्हा सोनोग्राफीही नव्हती आणि मोबाईलही. नुकत्याच बाळंत झालेल्या बाईला घरातल्या चार जणांनी हा प्रश्न विचारणं हे त्या जखमेइतकंच क्लेशकारक असतं. ते थांबवायची जबाबदारी घरच्या मोठ्यांनी घ्यावी.

बहुतेक बाळांत नेमकं कारण सापडत नाही. काही घराण्यांत हे पिढ्यान्‌पिढ्या येतं. औषधांपैकी ज्यांचा संबंध वारंवार नोंदला गेला आहे ती म्हणजे थायरॉइड जास्त काम करत असेल तेव्हा दिली जाणारी कार्बिमाझोल आणि मेथिमाझोल. म्हणूनच गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत डॉक्टर शक्यतो दुसरी गोळी देतात. पण अशा गोळ्या सुरू असताना दिवस गेले, तर मनाने गोळी बंद करू नका. अनियंत्रित थायरॉइड आई आणि गर्भ दोघांनाही धोक्याचा असतो. लगेच डॉक्टरांकडे जाऊन बदल करून घ्या.

खाली हाड आहे की नाही हे कसं कळतं?

बोटाने दाबून पाहायचं नाही. रडताना चट्टा फुगतो का, शांत असताना तिथे नाडीसारखं स्पंदन दिसतं का, हे नुसतं पाहूनही बरंच कळतं. पहिली तपासणी सोनोग्राफी. ती खाटेवरच होते, किरणोत्सर्ग नसतो, आणि हाडाची कड व खालची शीर दोन्ही दिसतात. प्रोब, म्हणजे सोनोग्राफीचा दांडा, जखमेवर टेकवताना निर्जंतुक जेल आणि निर्जंतुक आवरण हवं.

चट्टा मोठा असेल किंवा हाड नसेल तर एमआरआय करतात, आणि त्यातच शिरांचं चित्रण मागून घेतात. महिन्याच्या आतल्या बाळाला यासाठी बऱ्याचदा भूल लागत नाही. पोटभर दूध पाजून घट्ट गुंडाळलं की ते झोपतं आणि तेवढ्या वेळात एमआरआय होऊन जातो. सीटी स्कॅन हाडासाठी उत्तम, पण कोवळ्या मेंदूला किरणोत्सर्ग नको. म्हणून तो हाडाच्या ऑपरेशनचं ठरवायची वेळ येईपर्यंत राखून ठेवलेला बरा.

चट्ट्याभोवती दाट काळ्या केसांचं कडं आहे. ते कशाचं?

याकडे दुर्लक्ष करू नका. पापुद्र्यासारख्या चट्ट्याभोवती लांब, जाड, गडद केसांचं वर्तुळ असेल तर खाली मेंदूच्या ऊतींचा धागा किंवा छोटी गाठ असू शकते आणि तिचा आतपर्यंत मार्ग असू शकतो. अशा जागी सुई घालू नये, तुकडा काढून तपासायला पाठवू नये, ‘छोटंसं आहे’ म्हणून बाह्यरुग्ण विभागात कापू नये. आधी एमआरआय, मग मेंदूशल्यचिकित्सकाचा सल्ला.

डोक्याशिवाय आणखी काय तपासायचं?

बाळाला पूर्ण उघडं करून नखापासून शेंडीपर्यंत पाहायचं. बोटांची टोकं आखूड किंवा गायब असतील, कातडीवर निळसर जाळी दिसत असेल, तर अ‍ॅडम्स-ऑलिव्हर सिंड्रोमचा विचार होतो. अ‍ॅडम्स आणि ऑलिव्हर यांनी १९४५ साली त्याचं वर्णन केलं. अशा बाळाच्या हृदयाची टू-डी इको करावीच लागते. फाटलेला ओठ, जादा बोटं, बारीक डोळे आणि डोक्यावर एकापेक्षा जास्त चट्टे असं एकत्र दिसलं तर १३व्या गुणसूत्राची जादा प्रत, म्हणजे पटाऊ सिंड्रोम, असू शकतो. तेव्हा गुणसूत्रांची तपासणी आधी करावी, कारण किती मोठं ऑपरेशन करायचं याचा निर्णय त्यावर बदलतो. जरा घासलं तरी फोड येत असतील तर तो कातडीचा वेगळा आजार आहे. तिथे चिकटपट्टी लावलीत तर कातडी सोलून निघेल.

आई, वडील आणि भावंडांच्या डोक्यावरही केस बाजूला करून पाहा. भोवऱ्याजवळ एखादी जुनी टकलाची टिकली सापडते आणि ती लहानपणी पडल्याची खूण म्हणून घरात सगळे विसरलेले असतात.

ही जखम कोरडी का पडू द्यायची नाही? खपली धरली की जखम बरी होते ना?

आपल्याकडे जखम ‘सुकली’ म्हणजे बरी झाली असंच धरलं जातं. गुडघ्यावरच्या खरचटण्यापुरतं ते ठीक आहे. इथे ते जिवावर बेतू शकतं.

कारण असं. उघड्या आवरणाला हवा लागली की काही तासांत ते आक्रसतं, आणि एक-दोन दिवसांत काळी, चामड्यासारखी कडक खपली तयार होते. ही खपली खालच्या ड्युराला चिकटलेली असते. बाळाचं डोकं मात्र दर आठवड्याला वाढतं, आणि कडेची कातडी आत सरकायचा प्रयत्न करते. खपली ताणली जाऊन तडकते. तडा वरवर दिसला तरी तो ड्युरात आणि कधी थेट मोठ्या शिरेत उतरतो. मग रक्ताची धार लागते. तीन किलोच्या बाळाच्या अंगात एकूण रक्त साधारण २५० मिलिलिटर असतं, किलोमागे ८० ते ८५ मिलिलिटर. त्यातलं २५ मिलिलिटर गेलं तरी दहावा हिस्सा गेला. गॉजचे चार-पाच मोठे तुकडे भिजेपर्यंत बाळ धोक्यात आलेलं असतं.

दुसरी गोष्ट, खपलीच्या खाली काय चाललंय ते दिसत नाही. पू साचतो, तो शिरेपर्यंत पोचला तर शिरेत गुठळी होते, आवरणाला सूज येते. ओल टिकली तर कडेच्या पेशी ओल्या पृष्ठभागावरून सरकत आत येतात आणि जखम बुजवतात. कोरड्या पृष्ठभागावर त्या सरकू शकत नाहीत.

एक घोटाळा फार वेळा होतो. बाळाला ऊब मिळावी म्हणून वॉर्मरखाली ठेवतात, आणि वरून येणारी कोरडी उष्णता ड्रेसिंग दोन-तीन तासांत वाळवून टाकते. मोठा चट्टा असेल तर दमटपणा राखता येणारी काचेची पेटी बरी. वॉर्मरच असेल तर ड्रेसिंगवर पातळ निर्जंतुक प्लॅस्टिक फिल्म अंथरा आणि दर दोन-तीन तासांनी ओल तपासा.

ड्रेसिंग कसं करायचं?

हाड शाबूत असलेली छोटी जखम घरीही सांभाळता येते. हाड नसेल तर ड्रेसिंग रुग्णालयातच होऊ द्या. लागणारं सामान: ०.९ टक्के सलाईन, न चिकटणारा साधा पॅराफिन गॉज, निर्जंतुक गॉजचे तुकडे, निर्जंतुक हातमोजे, आणि डोक्यावर बसेल अशी जाळीची टोपी.

आधी वेदनाशामक उपाय करा. स्तनपान सुरू असताना ड्रेसिंग केलं तर बाळ फारसं रडत नाही, आणि रडणं कमी म्हणजे डोक्यातल्या शिरांमधला दाबही कमी. सलाईन अंगाच्या तापमानाला आणा. फ्रिजमधलं किंवा एसीतलं थंडगार सलाईन ओतू नका. नवजात बाळाच्या अंगाचा जवळजवळ पाचवा हिस्सा पृष्ठभाग डोक्याचा असतो आणि तिथून ते झटकन गार पडतं. जुना गॉज ओढून काढायचा नाही. तो सलाईनने भिजवून पाच-दहा मिनिटं थांबलं की आपोआप सुटतो. ओढून काढलेल्या गॉजबरोबर नुकती आलेली कातडी निघून येते, आणि आठवडाभराचं काम वाया जातं.

जखम हलक्या धारेने धुवा, पुसू नका. कडेची चांगली कातडी टिपून कोरडी करा, नाहीतर ती पांढरी पडून कुजते. मग पॅराफिन गॉजचे दोन थर, कडेपासून एक सेंटिमीटर बाहेर येतील असे. त्यावर सलाईनने भिजवून पिळलेला गॉज, त्यावर कोरडा गॉज, आणि सगळं धरून ठेवायला जाळीची टोपी. चिकटपट्टी नको, आवळून बांधणंही नको. हाड नसलेल्या जागेवरचा दाब थेट मेंदूवर जातो.

किती वेळा बदलायचं? जखम लहान असेल तर दिवसातून एकदा. ड्युरा उघडा असेल तर आतला थर तसाच ठेवून वरचा ओला थर दर तीन-चार तासांनी सलाईनने भिजवतात, आणि पूर्ण ड्रेसिंग दिवसातून एक-दोनदा बदलतात. हायड्रोजेल, म्हणजे ओल धरून ठेवणारं जेलचं ड्रेसिंग, मिळत असेल तर उत्तम, बदलण्याची वेळ लांबते. ड्रेसिंग स्वच्छ पाण्यासारख्या द्रवाने सतत भिजत असेल आणि तो तुम्ही घातलेल्या सलाईनचा नसेल, तर मेंदूभोवतीचं पाणी गळत असण्याची शक्यता आहे. ताबडतोब डॉक्टरांना दाखवा.

काय लावायचं नाही?

तेल, हळद, काजळ, अंगारा, राख, तूप, टूथपेस्ट, यातलं काहीही नाही. पण दवाखान्यातल्या कपाटातल्या काही गोष्टीही नकोत, आणि त्या जास्त वेळा वापरल्या जातात.

पोव्हिडोन आयोडीन उघड्या जखमेतून रक्तात शोषलं जातं आणि नवजात बाळाच्या थायरॉइडचं काम मंदावतं. सिल्व्हर सल्फाडायझीन, म्हणजे भाजल्यावर लावतात ते पांढरं मलम, पहिल्या दोन महिन्यांत टाळतात, कारण त्यातल्या सल्फामुळे कावीळ मेंदूला बाधू शकते. क्लोरहेक्सिडिन मेंदूच्या आवरणाला लागता कामा नये. बाजारात मिळणाऱ्या काही पॅराफिन गॉजमध्ये ते आधीच मिसळलेलं असतं, म्हणून पाकिटावरचं वाचूनच फोडा. निओमायसिनचं मलम मोठ्या जखमेतून शोषलं जाऊन कानाला इजा करू शकतं. हायड्रोजन पेरॉक्साइडचे बुडबुडे उघड्या शिरेत शिरू शकतात. स्पिरिट तर नकोच नको.

अचानक रक्त आलं तर?

ओला निर्जंतुक गॉज घेऊन दोन बोटांनी नेमक्या जागेवर हलका पण सलग दाब द्या. दर मिनिटाला उचलून बघू नका. खपली ओढू नका. डोकं किंचित वर ठेवा, पण बाळाला उभं धरू नका. शीर उघडी असेल आणि डोकं फार उंच गेलं तर शिरेत हवा खेचली जाण्याचा धोका असतो. घरी असाल तर १०८ला फोन करा आणि दाब न सोडता निघा.

रुग्णालयात असाल तर दोन गोष्टी आधीच तयार हव्यात: बाळाचा रक्तगट आणि जुळवून ठेवलेलं रक्त. जन्मानंतरचं व्हिटॅमिन केचं इंजेक्शन दिलं का, हेही पहिल्याच दिवशी केसपेपरवर तपासा. गडबडीत ते राहून जातं.

मोठ्या रुग्णालयात हलवायचं असेल तर कसं?

ओलं ड्रेसिंग, त्यावर प्लॅस्टिक फिल्म, त्यावर टोपी. वाटेत भिजवायला सलाईनची बाटली आणि सिरिंज सोबत. बाळ आईच्या छातीशी कातडीला कातडी लावून किंवा पेटीत. फोटो, मापं, व्हिटॅमिन केची नोंद आणि आईच्या औषधांची यादी कागदावर. जिथे बालशल्यचिकित्सा, मेंदूशल्यचिकित्सा आणि प्लास्टिक सर्जरी तिन्ही एकाच आवारात आहेत अशाच ठिकाणी न्या, आणि निघण्याआधी फोनवर खाट आहे का ते विचारा. आधी जिल्हा रुग्णालय, मग दुसरं, मग तिसरं अशा फेऱ्यांत दीड-दोन दिवस जातात आणि तेवढ्यात जखम वाळते.

ऑपरेशन लगेच करायचं की वाट पाहायची?

दोन सेंटिमीटरहून लहान आणि खाली हाड असलेली जखम ऑपरेशनशिवाय भरते. काही आठवडे ते दोन-तीन महिने लागतात आणि शेवटी एक गुळगुळीत, बिनकेसांचा व्रण राहतो. त्यासाठी नवजात बाळाला भूल देण्यात अर्थ नाही.

खरा वाद मोठ्या जखमांचा आहे, विशेषतः चार सेंटिमीटरहून मोठ्या आणि हाड नसलेल्या. पूर्वी अशा प्रत्येक जखमेवर पहिल्या काही दिवसांत ऑपरेशन करावं असं मानत. आता कितीतरी मोठ्या जखमा नुसत्या काटेकोर ओल्या ड्रेसिंगवर भरून आल्याच्या नोंदी आहेत. आमचं मत असं: आवरण अखंड आहे, ओलसर आहे, मोठी शीर उघडी नाही आणि रात्रीच्या पाळीतही ड्रेसिंग वेळेवर भिजवलं जाईल याची खात्री आहे, तर वाट पाहावी. मोठी शीर पापुद्र्यातून दिसते आहे, खपली धरून तडकू लागली आहे, एकदा जरी रक्त आलं आहे, पाणी गळतंय किंवा जंतुसंसर्ग सुरू झाला आहे, तर जखम झाकायलाच हवी. रात्रपाळीला एका परिचारिकेकडे वीस बाळं असतील तर ‘वाट पाहू’ हा सल्ला कागदावरच राहतो. निर्णय घेताना हेही मोजायला हवं.

ऑपरेशनमध्ये काय करतात आणि कुठे बिघडतं?

दोन मुख्य मार्ग आहेत. पहिला फ्लॅपचा. जखमेशेजारची केसांची कातडी तिच्या रक्तवाहिन्यांसकट उचलून जखमेवर सरकवतात. फायदा असा की जाड, केस असलेलं, रक्तपुरवठ्याचं आवरण मिळतं. उचलताना हाडावरचं पातळ आवरण तिथेच ठेवायचं असतं, म्हणजे फ्लॅप सरकल्यावर जी जागा मोकळी होते तिच्यावर त्वचारोपण धरतं. अडचण अशी की नवजात बाळाच्या डोक्याची कातडी पातळ असते आणि ताणत नाही. कानाजवळून आणि मानेच्या मागून येणाऱ्या रक्तवाहिन्यांवर फ्लॅप जगतो. पाया अरुंद ठेवला किंवा टाके ताणून घातले तर टोक काळं पडतं. मग आधीपेक्षा मोठी जागा उघडी पडते. मोठा फ्लॅप उचलताना रक्तही बरंच जातं, म्हणून कापण्याच्या रेषेत अ‍ॅड्रेनलिनचं अगदी पातळ द्रावण टोचतात, तुकड्यातुकड्याने उचलतात आणि प्रत्येक गॉजमधलं रक्त मोजतात.

दुसरा मार्ग त्वचारोपणाचा. मांडीवरून किंवा कुल्ल्यावरून ०.१५ ते ०.२ मिलिमीटर जाडीचा पापुद्रा काढून ड्युरावर पसरवतात. बाळाची कातडीच इतकी पातळ असते की यंत्र जरा खोल गेलं तर मांडीवर दुसरी जखम तयार होते. ड्युरा लाल, जिवंत असेल तर रोपण धरतं. आवरण नसलेल्या उघड्या हाडावर धरत नाही. ऑपरेशन लहान, रक्त कमी जातं. आजारी किंवा कमी दिवसांच्या बाळासाठी हाच मार्ग सुरक्षित. पण अशी कातडी पातळ राहते, तिच्यावर केस येत नाहीत, आणि खाली हाड नसेल तर पुढे तिथे पुन्हा जखम होऊ शकते. रोपणावर नेहमीसारखी घट्ट गादी बांधता येत नाही, कारण खाली मेंदू आहे. टाक्यांनीच ते जागेवर ठेवावं लागतं.

काही केंद्रांत कोलॅजेनचा पडदा आधी बसवतात, त्यात रक्तवाहिन्या भरल्या की वर पातळ त्वचा लावतात. ते महाग पडतं, पण मोठा फ्लॅप टाळता येतो.

पहिल्या ४८ तासांत पाहायचं ते असं: फ्लॅपचा रंग, दाबल्यावर परत येणारी लाली, खाली रक्त साचून आलेला फुगवटा. निळा पडत चाललेला फ्लॅप सकाळच्या राउंडपर्यंत थांबत नाही. एक-दोन टाके तेव्हाच सोडले तर तो वाचतो.

ऑपरेशनच्या आधी दूध कधी बंद करायचं?

भूल देण्याच्या ४ तास आधी आईचं दूध थांबवा, वरचं दूध असेल तर ६ तास आधी. उगाच रात्रभर उपाशी ठेवू नका. साखर उतरते. ऑपरेशन पुढे ढकललं गेलं तर शिरेतून ग्लुकोज सुरू आहे का ते विचारा.

हाड पुढे येईल का?

बहुतेक बाळांत येतं, आणि हा या सगळ्यातला दिलासा देणारा भाग आहे. तान्ह्या बाळाच्या ड्युरामध्ये हाड तयार करण्याची ताकद असते. वर चांगली कातडी आली आणि संसर्ग टळला की कडेकडून आणि मधूनही हाडाची बेटं तयार होतात. लहान पोकळी वर्षभरात, मोठी दोन-तीन वर्षांत पुष्कळशी भरते. म्हणून पहिल्या वर्षी हाडाचं ऑपरेशन करायची घाई करू नये, आणि कुणी करायला सांगितलं तर दुसरा सल्ला घ्यावा.

तीन-चार वर्षांनंतरही मोठी पोकळी उरली तर बाळाच्याच कवटीचं हाड वापरतात. साधारण चार वर्षांनंतर कवटीच्या हाडाचे दोन पदर वेगळे करता येतात. एक पदर मूळ जागी, दुसरा पोकळीवर. टायटॅनियमची पट्टी किंवा हाडाचं सिमेंट मुलाच्या वाढत्या डोक्याबरोबर वाढत नाही. ते सैल होतं, सरकतं, आणि वरची कातडी व्रणाची असेल तर ती फोडून बाहेर येतं.

मधल्या काळात मूल चालायला लागलं की मापाचं मऊ अस्तराचं हेल्मेट घ्या. डोकं वाढतं तसं ते दर तीन-चार महिन्यांनी तपासून घ्या. घट्ट हेल्मेट व्रणावर घासतं.

टाळू भरणं, आंघोळ, जावळ यांचं काय?

जखम पूर्ण भरेपर्यंत टाळूवर तेल नाही, आणि हाड नाही तिथे मालिश नंतरही नाही. अंघोळ घालणाऱ्या मावशींना हे तुम्ही स्वतः, जागा दाखवून सांगा. अंगाला मालिश करायला हरकत नाही. डोकं ओलं होणार नाही अशी पुसून आंघोळ घाला. डोक्याला धुरी देऊ नका.

जावळ जखम भरल्यावर, आणि डॉक्टरांनी हाड तपासल्यावरच. वस्तरा नको, कात्री किंवा ट्रिमर, आणि व्रणाच्या कडेपासून एक सेंटिमीटर लांबून. घरच्या रिवाजासाठी एक बट कापली तरी चालते.

लसी ठरल्या वेळापत्रकाप्रमाणे द्या. या आजारामुळे त्या थांबत नाहीत.

टक्कल कायम राहणार का? केस कधी येतील?

व्रणावर आपोआप केस येत नाहीत, कारण तिथे केसांची मुळंच नसतात. व्रण लहान असेल तर भोवतीचे केस वाढल्यावर तो झाकला जातो. मध्यम व्रण एक-दोन टप्प्यांत थोडा थोडा कापून कडा जोडत आणतात.

मोठ्यासाठी टिश्यू एक्स्पांडर वापरतात. केसांच्या कातडीखाली सिलिकॉनची रिकामी पिशवी ठेवतात, आणि दोन-तीन आठवड्यांनी, टाके पक्के झाल्यावर, बारीक सुईने तिच्यात दर आठवड्याला सलाईन भरतात. मुलाला दुखू लागलं किंवा वरची कातडी पांढरी पडली की त्या दिवशी तिथेच थांबायचं. दोन-अडीच महिन्यांत पुरेशी कातडी वाढते, मग पिशवी काढून ती कातडी टकलावर ओढून घेतात. जवळजवळ निम्म्या डोक्याइतकी जागा अशी झाकता येते. केसांची संख्या मात्र वाढत नाही. तेच केस जास्त जागेवर पसरतात, म्हणून फार ताणलं तर विरळ दिसतात. पिशवीवर लाली, ताप किंवा टाक्यांतून पिशवीचा चकचकीत भाग दिसणं, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी दाखवा. तीन-चार वर्षांच्या आत हे करणं आम्हाला पटत नाही. कवटी मऊ असते, पिशवीखाली ती दबते. शाळेत जाण्याआधीचं वर्ष बऱ्याच घरांना सोयीचं पडतं.

खर्चाची काय सोय?

सरकारी रुग्णालयात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली आजारी नवजात बाळाचे उपचार, औषधं, रक्त आणि ने-आण मोफत आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३पासून सुरू आहे. त्यात जन्मजात दोषांची नोंद होते, आणि जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रातून पुढचा पाठपुरावा मिळतो. आशाताईंना सांगून बाळाची नोंद करून घ्या. पुढची ऑपरेशनं काही वर्षांनी होतात आणि तेव्हा ही नोंद उपयोगी पडते. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत कोणतं ऑपरेशन बसतं हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा, भरती होण्याआधीच.

पुढच्या मुलाला हे होईल का?

आई-वडिलांच्या डोक्यावर व्रण नाही, बाळाला दुसरा दोष नाही, घराण्यात कुणाला नाही, तर पुन्हा होण्याची शक्यता फार कमी. आई किंवा वडिलांपैकी एकाच्या डोक्यावर तसा व्रण सापडला तर दर वेळी निम्म्यापर्यंत शक्यता असू शकते, पण एकाच घरात कुणाला नुसती टिकली असते तर कुणाला मोठी जखम. बोटांचा किंवा हृदयाचा दोष सोबत असेल तर जनुकीय सल्लागाराला भेटा आणि पुढच्या गरोदरपणात १८ ते २० आठवड्यांच्या सोनोग्राफीत हात-पाय आणि हृदय बारकाईने पाहायला सांगा. डोक्यावरचा छोटा चट्टा सोनोग्राफीत दिसत नाही. म्हणून प्रसूतीसाठी नाव घालतानाच पहिल्या बाळाचे कागद दाखवा, म्हणजे शक्यतो व्हॅक्यूम आणि बाळाचे ठोके पाहायला डोक्याला लावायचा इलेक्ट्रोड टाळतील आणि ओलं ड्रेसिंग टेबलावर तयार असेल.